निरोपाचा खाऊ

"केक कसला आणू, चॉकलेटचा की फळांचा?" रसेलने मला विचारलं.

मी कालवं निवडत होते. हातमोज्यांतून गार पाणी आत शिरलं होतं, पाठ धरली होती, आणि आमचे मालक शेडच्या दारात उभे राहून केकच्या गप्पा मारत होते.

"कुणाचा वाढदिवस आहे?"

"वाढदिवस कसला! चिझुरुला निरोप द्यायचाय. पुढच्या महिन्यात जाईल ना ती. तुमच्याकडचीच पोरगी, तुलाच ठाऊक तिला काय आवडतं."

मी हातातलं कालव खाली ठेवलं. "ती कुठे चाललीय?"

"घरी, जपानला." तो बावचळून माझ्याकडे बघायला लागला. "अगं, तिने खाऊ वाटला की!"

कपाळ माझं! काही महिन्यांपूर्वी हा खाऊ वाटला गेला तेव्हा मी नेमकी होबार्टला होते. क्लाइव्हच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी इथे असते तर हे घडलंच नसतं.

चिझुरु आमच्या घरामागच्या खोलीत राहायची. जपानातल्या नीगाताची. तिथे एका पतपेढीत काउंटरवर बसायची, मग एक दिवस उठली आणि टास्मानियात आली. इथे आमच्याकडचे, म्हणजे जपानचे, तरुण येतात तो व्हिसा फिरता फिरता काम करण्याचा असतो. तिशीपर्यंतच मिळतो आणि तीन वर्षांवर वाढत नाही. चिझुरुची तीन वर्षं संपत आली होती, तिशीही उलटली होती. आता इथे रीतसर नोकरी करायची तर मालकानेच सरकारकडे तिचं नाव पाठवायला हवं. रसेलला एकच जागा मंजूर झाली होती आणि "ती तुझी" असं त्याने तिला माझ्यासमोर सांगितलं होतं. त्या रात्री पोरगी दोन वाट्या भात जास्त जेवली होती.

संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले. ती कपडे घडी करत होती.

"काय गं, तू शेडमध्ये खाऊ कशाला वाटलास?"

"आईने तांदळाच्या बिस्किटांचा डबा पाठवला होता, तोमोए-सान." ती हसली. "रसेल-सान माझे कागद करणार. म्हटलं, आता इथलीच झाले, तर सगळ्यांना एकदा म्हणावं, यापुढेही सांभाळून घ्या. प्रत्येकाच्या जागेवर एकेक पुडी ठेवली. रसेल-साननी तर मला जवळच घेतलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

"असणारच! अगं बाई, याआधी इथे आपल्याकडच्या सात-आठ पोरी येऊन गेल्या. प्रत्येकीने जाताना काय केलं?"

तिचे हात थांबले. आमच्याकडे जपानात नोकरी सोडताना असाच वेष्टनातला खाऊ वाटतात. पोरी येत, काम करत, आणि एक दिवस टेबलावर पुड्या ठेवून निघून जात. रसेल गेल्या कित्येक वर्षांत तेवढं एकच शिकला होता, आणि शिकला होता ते अगदी मनापासून. पुडी दिसली की पोरगी निघाली. वर विचारायचंही नाही, कारण जपानी माणसाला अवघड प्रश्न विचारू नयेत हेही त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं.

"पण ते तर कागद करणार होते," ती म्हणाली.

"कागद डाराच्या नावाने गेले, रसेलनेच सांगितलं आज. मंजूरसुद्धा झाले." डारा हा आमच्याच शेडचा आयरिश पोरगा, नावेवर काम करणारा. त्याचाही व्हिसा संपतच आला होता. "तू मधल्या काळात एकदा तरी विचारायचंस की, माझ्या कागदांचं काय झालं?"

"शब्द दिलेल्या माणसाला आठवण कशी करून द्यायची? विश्वास नाही असं वाटलं असतं त्यांना."

माझं डोकंच फिरलं. ओरडले मी तिच्यावर. पंचवीस वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा मीही अशीच होते म्हणून जास्तच ओरडले असेन. ती खाली मान घालून ऐकत राहिली, आणि मग तिने काय करावं? दुसऱ्या दिवशी जाऊन रसेलचीच माफी मागितली. गैरसमज करून दिला म्हणे!

रसेल बिचारा पांढराफटक पडला. "मी डाराला सांगतो, काहीतरी करू."

"नको," ती म्हणाली. "त्याने घर भाड्याने घेतलंय. त्याची बायको यायचीय."

मग मी उपाय शोधायला लागले. शिकायच्या व्हिसासाठी कुठल्यातरी शाळेत नाव घालायचं आणि तिकडे फिरकायचंही नाही, असं पुष्कळ जण करतात. तिने नकारार्थी मान हलवली. द्राक्षांच्या मळ्यात कागद न विचारता रोजावर घेतात, त्यालाही नाही. शेवटी मी म्हटलं, "क्लाइव्हच्या भाच्याशी लग्न कर. नाहीतरी तो रिकामाच आहे."

"त्यांचे दात तुम्ही बघितलेत का?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता तिला रडू फुटलं. मला इथेच राहायचंय, म्हणाली, पण चोरासारखं नाही.

केक फळांचा आणला. डारा तिच्यासमोर नीट बसूही शकला नाही.

व्हिसा संपला तेव्हा नाताळ तोंडावर होता, विमानं भरलेली. म्हणून तिने थोड्या दिवसांचा पर्यटकाचा परवाना काढला. त्यावर राहता येतं, हिंडता येतं, काम मात्र करता येत नाही. जायच्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये सगळ्यांना भेटायला आली. आमची तारांबळ उडाली होती. नाताळला कालवं हवीत म्हणून सगळ्या हॉटेलांच्या गाड्या दारात उभ्या, त्यातून दोघं आजारी. चिझुरु चांगल्या कोटात भिंतीला टेकून उभी राहिली.

"चिझुरु, तासभर हात लावतेस का?" रसेल काकुळतीला आला. "कोण बघतंय इथे?"

"पुढच्या वर्षी जागा निघाली तर माझं नाव पाठवाल, असं म्हणालात ना?"

"हो, नक्की पाठवेन."

"मग आज नको, रसेल-सान. माझ्या नावाला डाग लागायला नको."

त्या पुढच्या वर्षावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण मी कालवं निवडत राहिले. ती मागे सरकून उभी राहिली आणि तिचे डोळे तेवढे आमच्या हातांवर फिरत राहिले.

घाईघाईत माझ्या टोपलीतून एक कालव निसटलं आणि घरंगळत तिच्या बुटापाशी जाऊन थांबलं. ती सवयीने वाकली. बोटं पोचायच्या आत तिने हात मागे घेतला आणि सरळ उभी राहिली.

"तोमोए-सान," ती हळूच म्हणाली, "एक खाली पडलंय."

मी टेबल सोडून आले आणि ते उचललं.