धुऱ्यापलीकडचा खड्डा

निर्मलाबाई कटरे जिवंत होत्या त्या डॉक्टर ओमेशमुळे. हे सगळ्या गावाला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी निंदणाला गेल्या असताना त्यांच्या पायाला साप चावला. गोंदियाच्या वाटेवरचा पूल नेमका पाण्याखाली होता. सडकेच्या कडेला नुकताच दवाखाना टाकलेल्या या तरुण डॉक्टरने त्यांना तिथंच ठेवून घेतलं, विषावरची इंजेक्शनं दिली आणि श्वास नीट चालू लागेपर्यंत तो खाटेजवळून उठला नाही. नवरा ईश्वरदास दाराशी उकिडवा बसून लहान पोरासारखा रडत होता. तेव्हापासून घरात नवा तांदूळ निघाला की पहिली पायली डॉक्टरकडे जायची.

म्हणूनच डॉक्टरने धुऱ्यापलीकडचा, शेताच्या बांधामागचा कोपरा मागितला, तेव्हा ईश्वरदासने फारसं काही विचारलं नाही. दवाखाना वाढला होता. बाळंतपणं होत होती, छोटी-मोठी ऑपरेशनं होत होती. पिवळ्या-लाल पिशव्यांतला कचरा न्यायला बाहेरून गाडी यायची, ती आताशा वाटेल तेव्हा यायची. पिशव्या साचायच्या, कुत्री त्या फाडून सडकेवर आणायची.

"काकाजी, तुमच्या बांधीच्या धुऱ्यापलीकडचा कोपरा पडीकच आहे," डॉक्टर म्हणाला. "तिथं एक खड्डा करून घेतो. गाडी सुरळीत झाली की बुजवून टाकीन."

"माया बायकोचा जीव वाचवला तुमी, डॉक्टरसाहेब. कोपऱ्याचं का घेऊन बसले?"

गाडी काही सुरळीत झाली नाही. रोज संध्याकाळी वॉर्डबॉय पिशव्या खड्ड्यात टाकायचा, वरून डिझेल शिंपडायचा आणि काडी लावायचा. सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, नळ्या, रक्ताचा कापूस, सगळं एकत्र जळायचं. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो आणि निघून जातो. हा धूर घशात चिकटून बसायचा. त्याला एक गुळचट, किळसवाणा वास होता. वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळीची काळी फोलपटं पडायची, अंगणातल्या सेमीच्या शेंगांच्या वेलावर पडायची. निर्मलाबाई शेंगा दोन-दोनदा धुवायच्या आणि तरी भाजी तोंडात घालताना थबकायच्या.

हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. उन्हाळा आला तरी तो गेला नाही. पाण्याची गुंडी उचलली की दम लागायचा.

"डॉक्टरले सांगू का धुराचं?" ईश्वरदासने एकदा विचारलं.

"कोनत्या तोंडानं सांगता?" त्या म्हणाल्या. "तो नसता तर मी खोकायले तरी उरली असती का?"

खोकल्याचं औषध घ्यायला मात्र त्या गेल्या. डॉक्टरने छाती तपासली, पाठ तपासली. पुन्हा छातीला नळी लावली.

"काकू, चुलीवर रांधता का?"

"गॅस आहे ना. चूल फक्त आंघोळीच्या पाण्याले."

"तीही बंद करा. धुरानं तुमची फुप्फुसं खराब होऊन राहिली."

त्याच्या पाठीमागची खिडकी बंद होती. काचेतून खड्ड्यावरचा धूर दिसत होता. निर्मलाबाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे पाहिलं. तो खाली मान घालून गोळ्या लिहीत होता. लिहून झालं तरी त्याने मान वर केली नाही.

घरी येऊन त्यांनी चूल विझवली. दुसऱ्या दिवसापासून ईश्वरदास थंड पाण्याने आंघोळ करू लागला.

मग धानाच्या रोवणीचे दिवस आले. त्याआधी आठवडाभर झड लागली होती आणि खड्डा तुडुंब भरून धुऱ्यावरून वाहिला होता, पण तिकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. पाणी तर सगळीकडूनच वाहत होतं. टोल्यावरच्या, नाल्याखालच्या वस्तीतल्या बाया रोवायला आल्या. त्यांच्यात दुर्पता होती. ही गोंडाची बाई कितीतरी वर्षं निर्मलाबाईंच्याच शेतात रोवत होती. हात इतका चपळ, की बाकीच्या तिला मुद्दाम मधे उभी करायच्या, म्हणजे दोन्हीकडच्यांना ओढ लागते.

खड्ड्यालगतच्या बांधीत, पाणी साठवलेल्या धानाच्या वाफ्यात ती उतरली आणि थोड्या वेळाने एकदम ओरडली.

"काटा लागला का वो?" धुऱ्यावरून निर्मलाबाईंनी विचारलं.

दुर्पताने पाय चिखलातून वर काढला. टाचेत इंजेक्शनची सुई रुतली होती. मागचा प्लॅस्टिकचा तुकडा अर्धवट जळून वितळलेला होता. तिने ती उपसून काढली, तेव्हा रक्ताचा एक थेंब आला. फक्त एक. शेजारच्या बाईने घाबरून चिखल चाचपला, तर तिच्या हाताला आणखी एक सुई लागली. मग बाया एकेक करून धुऱ्यावर चढल्या. पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या पेंड्या पाण्यावर तरंगत राहिल्या.

"बाई, हे कोनाले टोचली असंन?" दुर्पता सुईकडे बघत म्हणाली. "कोनतं दुखनं होतं त्याले?"



निर्मलाबाईंनी हापशीवर नेऊन तिचा पाय साबणाने धुतला. दवाखाना समोरच होता, पण त्यांची पावलं तिकडे वळली नाहीत. एसटी पकडून त्या तिला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. एचआयव्हीचा धोका कमी आहे, पण नाहीच असं म्हणता येत नाही. महिनाभर गोळ्या घ्यायच्या, काविळीची लस घ्यायची, रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं.

"लेकराले माया हातचं जेवू घालू ना?" दुर्पताने विचारलं.

"घाला, घाला. त्यानं काही होत नाही."

पण टोल्यावर ही गोष्ट तिच्याआधी पोहोचली होती.  नवरा मंगरूने आपली थाळी आणि लोटा वेगळा ठेवला.

हे निर्मलाबाईंना कळलं, तशा त्या सरळ दवाखान्यात गेल्या. बाकावरचे पेशंट त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी पदरात गुंडाळून आणलेल्या दोन्ही सुया टेबलावर ठेवल्या.

डॉक्टरचा चेहरा उतरला. "गाडीच येत नाही, काकू. फोन करून करून थकलो. सगळेच जाळतात. मी काय करू, बाळंतपणं बंद करू?"

"ते मले नाई समजत, साहेब." बोलताना त्यांना दम लागत होता. "तुमी मले जगवलं. ते मी मेल्यावरही फिटनार नाई. पण माया जिवाच्या बदल्यात दुर्पताचा पाय कायले घेता? तिनं तुमचं का खाल्लं होतं?"

डॉक्टरने सुया टेबलावरच्या ट्रेमध्ये सरकवल्या.

"चला माया संगं. बांधी पाहा."

तो आला. धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"जोडे काढा आन् उतरा," निर्मलाबाई म्हणाल्या.

त्याने गढूळ पाण्याकडे पाहिलं, आपल्या जोड्यांकडे पाहिलं. वाकला नाही, हललाही नाही.

"नका उतरू," त्या म्हणाल्या. "मीही आता कोनाले उतरवत नाई."

ती बांधी त्या वर्षी रोवलीच नाही. आजूबाजूला हिरवंगार धान डोलत होतं आणि मधेच हा गवताचा तुकडा.

खड्डा मात्र बंद झाला. डॉक्टरने पाच-सहा दवाखान्यांना एकत्र केलं, गोंदियात खेटे घातले, आणि गाडी पुन्हा ठरल्या दिवशी यायला लागली. म्हणजे ती येऊ शकत होती. हे निर्मलाबाईंना तेव्हा कळलं, आणि त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या.

दुर्पताची पुढची तपासणी चांगली निघाली. मंगरूची थाळी पुन्हा तिच्या थाळीजवळ आली. धानकापणीला निर्मलाबाईंनी स्वतः टोल्यावर जाऊन तिला बोलावलं. ती आली, पण पायात मंगरूचे मोठाले बूट घालून. कोरड्या बांधीतही तिने ते काढले नाहीत. बुटांत पाय सरकत होते, हात मागे पडत होता. कुणी तिला मधे उभी केली नाही.

दिवाळीनंतर ईश्वरदासने त्या बांधीची वरची माती खरवडून काढायला ट्रॅक्टर लावला. मातीत काचा निघाल्या, सुया निघाल्या. दुपारी ट्रॉली भरली, तेव्हा ट्रॅक्टरवाल्या कैलाशने विचारलं, "काकाजी, हे कुठं टाकू?"

"नाल्यात टाक ना."

"नाल्याचं पानी टोल्यावर जाते," निर्मलाबाई म्हणाल्या.

"मंग सडकेच्या बाजूनं?"

"तिथं ढोरं चरतात."

कैलाश हँडलवर हात ठेवून वाट पाहत राहिला. शेवटी निर्मलाबाई ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर चढून बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखान्यात चाल."

डॉक्टर बाहेर आला. ट्रॉलीत डोकावून त्याने बराच वेळ मातीकडे पाहिलं. माफी त्याने मागितली नाही, आणि निर्मलाबाईंनाही ती नकोच होती.

"मागे, माझी गाडी उभी राहते तिथं खोल खणून टाका," तो म्हणाला. "वरून मी सिमेंट ओतून घेतो."

त्याने किल्ली आणली आणि आपली गाडी काढून सडकेवर लावली. कैलाश फावडं घेऊन मागे गेला. निर्मलाबाईंना तिथवर चालवेना, तेव्हा त्या पेशंटच्या बाकावर, एका बाळंतिणीच्या शेजारी टेकल्या. ती बाळाला पाजत होती. मागून जमीन खणल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा निर्मलाबाईंनी बाळाकडे पाहिलं आणि उठून तिकडची खिडकी लावून घेतली.