चाळीस वाट्यांचं वाण

मोहाडीच्या त्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना स्वतःच्या मोबाइलचा नंबर पाठ नव्हता, पण धुरपताचा होता. भंडाऱ्याच्या सुखसंसार मार्टमध्ये तेल घेवो की साबण, काउंटरवरची पोरगी विचारायची, "नंबर?" आणि बाई धुरपताचे दहा आकडे धडाधड म्हणून मोकळी व्हायची. खरेदी हिची, पॉइंट तिचे. आता जगात फुकट कोण कोणाचं एवढं करतं? गल्लीत अजून हातमाग चालत होते आणि घरोघरी विणकामाच्या सुताच्या कांड्या भरायला धुरपता जायची. सूत ओढून ओढून तिच्या बोटाला कायमची चीर पडली होती. मजुरीचं कोणी विचारलं की म्हणायची, "मजुरी राहू द्या, मार्टात गेल्या की माहा नंबर सांगा." बायकांना हा सौदा फारच आवडला.

हा सगळा खटाटोप एका कुकरसाठी होता. दोन हजार पॉइंट झाले की पाच लिटरचा स्टीलचा कुकर मिळणार होता, आणि तो तिला लेकीच्या, रीताच्या रुखवतात मांडायचा होता. नवरा केशव जाऊन सहा वर्षं झाली होती. रुखवतातलं बाकीचं मामा आणतील, काका आणतील, उपकार केल्यासारखं आणतील. पण एक तरी वस्तू आईची असावी, कोणापुढे हात न पसरता आलेली असावी, एवढाच तिचा हट्ट. मार्टवाले बक्षिसाच्या भांड्यावर नावही फुकट घालून देत. नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी तिनं कार्ड काढलं, तेव्हा पोरीनं विचारलं, भांड्यावर नाव काय घालायचं? बाकीच्या बायका आडनाव सांगत. धुरपतानं आख्खं वाक्य सांगितलं, "चि. सौ. कां. रीता हिस, आई धुरपता हिच्याकडून." तेव्हा रीताला एक स्थळसुद्धा आलं नव्हतं. पोरगी हसली, पण तिनं ते तसंच फॉर्मवर उतरवून घेतलं.

दोन वर्षं गेली. रीताचं करडी गावच्या मुलाशी जमलं, वैशाखातली तारीख निघाली, आणि पॉइंटही भरत आले. संक्रांतीच्या आधी चार दिवस मोठ्या जावेचा, चंद्रकलेचा फोन आला. चंद्रकलेचा नवरा टेकचंद साड्यांचा व्यापारी, घर दुमजली, आणि गल्लीत शब्द तिचाच चालायचा.

"मी मार्टात हाय. तुह्या मोबाइलवर आकडे आले असतीन, सांग."

"कायचे आकडे, बाई?"

"तुह्याच कार्डाचं काम करून राहिली वं. लवकर सांग, मांगं लाइन लागली."

धुरपतानं आकडे सांगितले. फोन ठेवला आणि तिला भरून आलं. एवढी वर्षं आपण या बाईबद्दल मनात वाईट आणलं, आणि ती आपला कुकर घेऊन येत आहे! तिनं फळीवरचे डबे सरकवून जागा केली, फळी पुसली, वर धुतलेलं फडकं अंथरलं. त्या फडक्यावर चार दिवस धूळ बसत राहिली. विचारायला जाणं तिला बरं दिसेना.

संक्रांतीला चंद्रकलेकडे हळदीकुंकू होतं. विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं. पण तिळाचे लाडू वळायला आणि चहा गाळायला विधवा चालते. धुरपता दुपारपासून मागच्या चुलीपाशी होती. बैठकीत बायका जमल्या, हसणं-खिदळणं सुरू झालं, आणि अर्धवट लोटलेल्या दारातून तिला ती परात दिसली. नवीन कोऱ्या स्टीलच्या वाट्या, थरावर थर. परातीशेजारी खोकं पडलं होतं. खोक्यावर मार्टचं नाव होतं, आणि त्याखाली तिचा, धुरपताचा, नंबर.

चंद्रकला चहाचा ट्रे न्यायला आत आली.

"बाई, माहा कुकर?"

"कायचा कुकर?" चंद्रकलेनं एक लाडू तोंडात टाकला. "जनाबाईनं मागच्या साली प्लास्टिकचे डबे वाटले. मले औंदा स्टील वाटा लागत होतं का नाई? पॉइंटाच्या चाळीस वाट्या भेटल्या."

"पॉइंट माहे होते."

"तुहे? सामान आमचं, पैसा आमचा, आन् पॉइंट तुहे? तुमी दोघी मायलेकी खाता किती, का तुले कुकर भेटंल?" मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "लग्नाले तीन महिने हायेत अजून. भर ना कांड्या. चहा गाळ, बायका वाट पाहून राहिल्या."

धुरपतानं चहा गाळला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि जावेच्या घरात सणाच्या दिवशी रडलं तर तेही तिच्याच नावावर लागलं असतं.

बाहेर चंद्रकलेचं कौतुक चाललं होतं. स्टीलचं वाण, तेही एवढ्या जाड पत्र्याचं! चंद्रकलेनं ओंजळ-ओंजळ तीळगूळ घालून वाट्या दिल्या. भरलेली वाटी कोण उलटी करून पाहतो? ती उलटी झाली दुसऱ्या दिवशी, घराघरातल्या मोरीवर. बुडाशी बारीक, सुबक अक्षरं होती. कार्डावर लिहून घेतलं होतं तेच मार्टच्या यंत्रानं इमानदारीत चाळीस वेळा कोरलं होतं. सवाष्णीच्या वाणावर विधवेचं नाव!

दुपारपर्यंत गल्ली चंद्रकलेच्या दारात. तिनं क्षणभरच विचार केला. "मले काय माहीत वं? तिनंच आणून देल्ल्या. बाई, तुमी वाटा म्हणे. तिच्या पोटात काय होतं, ते देवाले ठाऊक." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. धुरपताच्या हातच्या कांड्या त्यांनी दोन वर्षं वापरल्या होत्या, तिचा नंबर देवाच्या नावासारखा पाठ केला होता. पण पटलं त्यांना ते चंद्रकलेचंच, कारण तेच पटवून घेणं सोयीचं होतं.

संध्याकाळपर्यंत वाट्या धुरपताच्या ओट्यावर येऊन पडल्या. एकजण तर पायरी न चढता खालूनच वाटी सरकवून गेली. एका वाटीत लिंबू होतं. धुरपतानं ते काढून फेकलं, सगळ्या वाट्या राखेनं घासल्या आणि दुसऱ्या दिवशी पोत्यात भरून भंडाऱ्याला नेल्या. काउंटरवरची पोरगी कळवळली, पण नियमापुढे तिचं काय चालणार? नाव घातलेलं भांडं परत घेत नव्हते. त्या महिन्यापासून कांड्या भरायलाही कोणी तिला बोलावलं नाही.

वैशाखात लग्न लागलं. मामानं कबूल केलेलं कपाट आलंच नव्हतं; रुखवताच्या टेबलावर काकाचा पंखा होता, आणि एका टोकाला चाळीस वाट्यांची रास. धुरपतानं वाट्या लिंबानं घासून इतक्या चमकवल्या होत्या की फोटोवाल्यानं आपणहून त्यांचा फोटो काढला. करडीला जायला टेम्पो लागला, सामान चढू लागलं. नवऱ्या मुलाची आई शकुंतलाबाई टेबलापाशी आली, एक वाटी उचलली, उलटी केली, वाचली.

"ह्या त्याच का?"

करडीपर्यंत गोष्ट पोचली होती म्हणजे. धुरपतानं लेकीकडे पाहिलं. एक शब्द बोल, पोरी, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. रीतानं शालूचा पदर सावरला आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "भाऊ, त्या वाट्या राहू द्या. कुकर चढवा आधी."

कुकर चंद्रकलेनं दिला होता. पाच लिटरचा, स्टीलचा, मार्टचाच. जानेवारीत तिनं स्वतःचं कार्ड काढलं होतं, आणि गल्लीतल्या बायकांना आता तिचा नंबर पाठ झाला होता. त्यात लग्नसराईचे डबल पॉइंट. झाकणावर ठळक अक्षरं होती, "चि. सौ. कां. रीता हिस, मोठी आई चंद्रकला हिच्याकडून."

कुकर टेबलाच्या आतल्या बाजूला होता, टेम्पोवाल्याचा हात पुरेना. धुरपतानं तो उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.