नदीपल्याडचा हात

"कोणाच्या तोंडात हात घालाचा असन, तं आधी आपला हात पाह्यजो, माय."

मयुरी दातांची डॉक्टरकी शिकायला निघाली तेव्हा तिची आई, शांताबाई, असं बोलली होती. आई आता नाही. पण रोज सकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढे पंचशील म्हणून झालं, की मयुरीची नजर आपसूक तळहातावर जायची.

लग्न होऊन ती बालाघाटला आली. शिकलेली विद्या सोबत आली, नोंदणी मात्र महाराष्ट्राची. मध्य प्रदेशच्या दंत परिषदेत नाव चढवायचा अर्ज कुठल्या टेबलावर घोरत पडला होता कोण जाणे. फोन लावला की एकच उत्तर, "प्रोसेस में है." बालाघाटची सोयरीक गोंदियाशी, बाजार गोंदियाशी, मयुरीचा हात तेवढा सीमेवरच्या नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठाला अडकून पडला होता.

शेवटी नवरा, रजत, म्हणाला, "प्रेमलालचं क्लिनिक पाहून तं ये. घरी बसून काय करून राह्यली?"

दिवस पौर्णिमेचा, तिच्या उपोसथाचा, म्हणजे उपासाचा. दुपार टळल्यावर रिकाम्या पोटी ती गेली.

प्रेमलाल डॉक्टर नव्हताच, नुसता मालक. बोर्डावर नाव होतं ते डॉक्टर जबलपूरला राहायचे. "आप बस हाथ चलाइए, मॅडम. बोर्ड आहेच. मरीज कुठं विचारते, हात कोणाचा?" तो हसला आणि खर्‍याच्या तंबाखूने काळे पडलेले दात दिसले.

खुर्चीलगतच्या थुंकदाणीत आधीच्या माणसाचं रक्त लाळेवर तरंगत होतं. प्रेमलालने चहाच्या ग्लासातून पक्कड काढली. पाणी गढूळ, तळाशी कसलासा चोथा. पक्कड शर्टाच्या टोकाला पुसून त्याने तिच्यापुढे धरली. मयुरी मागे सरली. तिने ओढणी तोंडाशी धरली.

तेवढ्यात खुर्चीतून हाक आली, "आली का माय?"

तिच्या गल्लीतले नथ्थूबाबा! आयुष्य भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत गेलेलं. आता गाल भाकरीसारखा फुगलेला. नोंदणीचा कागद आला की पहिला दात तुमचाच काढते, असा शब्द तिने त्यांना दिला होता.

"तुमचं नाव सांगितलं, तं धावत आला बुढा," प्रेमलाल खुशीत म्हणाला.

माझं नाव. या घाणीत. मयुरीने थुंकदाणीकडे पाहिलं.

"कागद आला म्हणाचा?" नथ्थूबाबांनी विचारलं.

एका 'हौ'वर काम भागणार होतं. बाबांची कळ थांबली असती, रजतची भुणभुणही. पण सकाळी याच जिभेने खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं.

"नाही आला, बाबा. उठा."

"उठा? अन् दात?"

"काहून नखरे करता मॅडम?" प्रेमलाल फिस्कारला. "गोंदियात काय सोन्याच्या पकडी हायेत?"

"उकळलेल्या हायेत," मयुरी हळूच म्हणाली. आवाज चढवणं तिला जमतच नसे.

तिने काही शिवलं नव्हतं, तरी बाहेरच्या हापशीवर हात खसाखसा धुतले. वास जाईना.

"बाबा, उद्या गोंदियाले येता? डॉक्टर पौर्णिमाच्या दवाखान्यात. मैत्रीण हाये माझी. नदीपल्याड माझा हात अजून चालते."

नथ्थूबाबांनी सुजल्या गालाने हसायचा प्रयत्न केला. "एका दातासाठी राज्य बदलाचं म्हणते?"

"हौ."

"मंग चाल. तसंही या बाजूनं काही चावता येऊन नाही राह्यलं."

दुसर्‍या दिवशी पंचशील म्हणून झाल्यावर मयुरीने तळहात पाहिला. परतीच्या वाटेवर बाबांना खायला डब्यात मऊ भात भरला.

"कुठं चालली?" रजतने पांघरुणातून विचारलं.

"राजेगावच्या पुलापल्याड, गोंदियाले."

कोपर्‍यावर नथ्थूबाबा उभे होते, जबड्याला गमछा बांधून. मयुरीने आवाज न करता फाटक लावलं आणि त्यांच्या चालीने चालत बसच्या रस्त्याला लागली.