कोपरा मोजला, बोका राहिला

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे, आणि तोही अर्धाच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एका बोक्याचं घर मी वाचवलंय.

कारखान्यातून निघालो, तेल भरून गावोगाव फिरलो. रिकामा झालो तेव्हा अंथुर्णे गावच्या मेंढपाळ आबाजींनी मला करवतीनं उभं चिरलं. दुखलं. पण माझी एक कड त्यांनी मुद्दाम बुटकी ठेवली, कोकरांची तोंडं आत पोचावीत म्हणून. त्यासाठी एक कोकरू माझ्याशेजारी उभं करून पाहिलं. ते मी विसरलो नाही. पुढं कितीतरी कोकरं माझ्यात पेंड खाऊन मोठी झाली. मग आबाजींनी मेंढरं विकून शेती धरली आणि मी गोठ्यामागं उपडा पडलो. मला कुणी विचारेना.

आबाजींची बायको सारजाबाई वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मंदाकिनीबाईंकडे दूध घालायची. एके दिवशी तिनं मलाच टेम्पोत टाकलं.

"घ्या वहिनी, कोथिंबीर लावा ह्यात. आमच्यात नुसता पडून हाय."

मंदाकिनीबाईंनी मला मागच्या पडवीत विटांवर बसवलं, माती-वाळू भरली. शेजारी एक गुलाबी डबा होता, झाकणाचा, पुढं दारासारखं भोक असलेला, पुण्याहून आणलेला. तो फौजदाराचा संडास. फौजदार म्हणजे त्यांचा बोका.

डबा निवडला होता नीळकंठरावांनी. हे मंदाकिनीबाईंचे यजमान, त्याच कारखान्यात मशीन शॉपमधले. त्यांचं माप सूतभरही चुकत नाही. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यातला कोपरा टेपनं मोजून त्यांनी डबा घेतला, आणि तो तिथं असा बसला की बघत राहावं. तेव्हा फौजदार ओंजळीत मावायचा. आता तो कलिंगडाएवढा झाला होता. बिचारा डब्यात शिरायचा, पण वळायला जागा नाही. तोंड आत, बूड बाहेर. मग जे व्हायचं ते पायपुसण्यावर. आणि शिव्या कुणाला? बोक्याला! मला असा संताप यायचा, पण ड्रमचं कोण ऐकतो?

शेवटी पाळी नीळकंठरावांच्या बुटांवर आली.

"बाजाराच्या दिवशी निमगावला सोडून येतो ह्याला. शिस्त म्हणून नाही."

"श्रिया घर डोक्यावर घेईल," मंदाकिनीबाई म्हणाल्या. श्रिया त्यांची लेक.

"दोन दिवस रडेल."

बाजाराचा दिवस उजाडला. नीळकंठराव पोतं घेऊन मागच्या दारी आले आणि थांबले. फौजदार माझी बुटकी कड ओलांडून आत आला होता. त्यानं खड्डा उकरला, ऐटीत पूर्ण गिरकी घेतली, बसला. मग सगळं नीट झाकून, पाय झटकून बाहेर पडला. मित्रांनो, मला कोकरांचे दिवस आठवले.

"अहो, टेप द्या इकडं," मंदाकिनीबाई मागून म्हणाल्या.

त्यांनी बोका नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजला. लाड चाललेत समजून तो घुरघुरत राहिला. मग डबा मोजला. जेमतेम तेवढाच.

"दीडपट तरी हवा वळायला. तुम्ही कोपरा मोजलात, बोका कोण मोजणार?"

"कोपरा बरोबर होता," नीळकंठराव पुटपुटले.

"कोपऱ्याला कुठं जायचं होतं?"

दारात उभी श्रिया खिदळली. नीळकंठरावांनी पोतं खाली टाकलं आणि वॉशिंग मशीन सरकवून मला जागा केली. माती काढून स्वच्छ वाळू भरली तीही त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईनं विचारलं, "कोथिंबीर उगवली का, वहिनी?"

"रोज सकाळी उगवते. खाण्यासारखी नाही एवढंच."

सारजाबाई अशी हसली की हातातलं दूध हिंदकळलं.

मित्रांनो, पिल्लू वाढतं, डबा वाढत नाही, एवढं तरी ध्यानात ठेवा. जिवाला घाणेरडं म्हणायच्या आधी टेप काढा, आणि कोपरा नंतर मोजा. वाळू रोज उपसा, आळस करू नका. गुलाबी डब्यात आता नीळकंठरावांचे पाने-पकडी आहेत, अगदी मापात. आणि ते पोतं? माझ्याशेजारी अंथरलंय. फौजदार त्यावर ऐसपैस झोपतो.