तीनशे पानांचं एकच वाक्य

मी कादंबरी बोलतेय. दचकून मला मिटू नका, एवढंच म्हणणं आहे. माझ्या पोटात तीनशे पानांचं एकच वाक्य आहे. पूर्णविराम औषधालाही सापडायचा नाही. एक बाई दुपारी घरातून निघते. चालता चालता तिचं लहानपण तिच्या डाव्या हाताशी येतं, म्हातारपण उजव्या हाताशी, आणि तिघी नदीकाठाने चालत राहतात. बस, एवढंच घडतं.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. दुकानातून घरी आल्यावर ते मला वाचायचे आणि स्वतःशीच हसायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, घरी शिवणकाम करायच्या. त्यांना माझा भारी राग.

"सवतच आणून ठेवलीय घरात! वाचावं तर ना शेंडा ना बुडखा."

मी कपाटातून सगळं ऐकायचे. खरं सांगते, मला लागायचं.

मागच्या महिन्यात घड्याळजींना अर्धांगवायूचा झटका आला. ते अंथरुणाला खिळले, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या आवडीचं काहीतरी कानावर पडू द्या. शब्द परत येतीलही." बाईंनी जुनी गाणी लावली, नातवंडांना फोनवर बोलायला लावलं. काही उपयोग होईना. शेवटी नाइलाजाने मला खाली काढलं.

वाचताना बाईंना धाप लागायची. थांबायचं कुठे तेच कळेना. मग बाईंनी काय करावं? कापडावर खुणा करायची पेन्सिल घेतली आणि माझ्या पानोपानी पूर्णविराम देऊन टाकले. चांगली मापात बेतली मला!

"आता कशी सुटसुटीत झाली," म्हणत त्या वाचू लागल्या. पण दर ठिपक्याशी घड्याळजींच्या कपाळावर आठी चढायची. काल तर त्यांनी भिंतीकडे तोंडच फिरवलं. बाई पदर तोंडाशी धरून रडल्या.

आज दुपारी मात्र त्या चिडल्या. "तुम्हाला हवी तशीच वाचते. दम लागला तरी थांबायची नाही!"

ठिपके ओलांडत त्या वाचत सुटल्या. अर्थाचा पिच्छा सोडला, शिलाई मशीनवर पाय चालतो तसा ठेका धरला. पलंगावरचं ऊन भिंतीवर गेलं. नदी जणू खोलीतच आली होती, सावकाश, कुणालाही न भिजवता. माझी पानं मलाच नवी वाटू लागली.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या, "मशीनवर बसले की माझंही लहानपण असंच येऊन बसतं शेजारी."

मला मांडीवर उपडी ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पलंगावरून एक जड, घोगरा आवाज आला.

"आणि?"

बाईंनी मला घाईघाईने उचललं. डोळे भरल्यामुळे तीच ओळ दोनदा वाचली.

तुमच्या कपाटात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला समजून घ्यायची घाई करू नका. थोडं सोबत चाला. येते मी. अजून दीडशे पानं बाकी आहेत, आणि घड्याळजी ऐकताहेत.