जिन्यातल्या तीन खुर्च्या

मी एक जुनी लिफ्ट आहे. चार मजली इमारतीच्या मधोमध, गोल फिरणाऱ्या जिन्याच्या पोटात, जाळीच्या पिंजऱ्यातून गेली एकतीस वर्षं मी वर-खाली करते आहे. मित्रांनो, तुम्ही मला नुसती लोखंडाची पेटी समजत असाल, पण मला डोळे आहेत आणि कानही आहेत. अडचण एवढीच, की माणसं बोलत बोलत माझ्यात शिरतात आणि बोलत बोलतच निघून जातात. त्यात माझ्या मोटरची घरघर. त्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी अर्धंच बोलणं येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने पुरं करते. माझं मन संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. कोण किती भार टाकणार, या काळजीत जिचं आयुष्य गेलं, ती दुसरं काय करणार?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, आतून लाकडी फळ्या ठोकल्या, पितळेची मूठ लावली आणि मागच्या भिंतीवर आरसा बसवला. मी सुरू झाले त्या दिवशी इमारतीतल्या मुलांनी संध्याकाळपर्यंत खालीच उतरायचं नाव घेतलं नाही. मोठी माणसंही काही काम नसताना एक फेरी मारून गेली. 'कळतसुद्धा नाही हो वर आलो ते,' असं म्हणायची. ते ऐकून मी फुलून जायचे. मग आरशाला तडा गेला, पंखा बंद पडला, पितळ काळवंडलं. दार अडलं की लोक लाथ मारू लागले.

सात वर्षांपूर्वी माझी देखभाल करणाऱ्या मिस्त्रीने माझ्या तळाशी वजनाची घंटा बसवली. भार जास्त झाला की ती वाजायची आणि कुणीतरी उतरेपर्यंत मी जागची हलायचे नाही. तेव्हा चौथ्या मजल्यावर दातवाल्या ताई नुकत्याच राहायला आल्या होत्या. शेजारच्या गल्लीतल्या प्रयोगशाळेत त्या कवळ्या बनवायच्या. मेणात एकेक दात बसवून इतकी नेटकी कवळी करायच्या, की लावणाऱ्याला आपलेच दात परत आल्यासारखं वाटे. अंगाने मात्र ताई खूपच जाड होत्या. दिवसभर एका जागी बसून काम, नवऱ्याचं अकाली जाणं, घरात फक्त म्हाताऱ्या सासूबाई. वजन वाढत गेलं.

एका सकाळी माझ्यात तिघं उभे होते. ताई चौथ्या. त्यांनी पाय आत टाकला आणि घंटा वाजली. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं. ताई उतरल्या, 'जा तुम्ही, मी मागून येते' म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या मी रिकामी असल्याशिवाय माझ्यात कधी आल्या नाहीत. आल्या तरी आधी एक पाय हळूच टेकवायच्या आणि घंटेकडे कान लावायच्या. मला वाटायचं, या बाईपासून आपण जपून राहायला हवं. एक दिवस ही मला तोडणार.

गेल्या वर्षी ताईंचे गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकू लागला. डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. ताईंनी खूप विचार करून होकार दिला. मला हे पुढे कळलं, की त्यांनी घरात फक्त सासूबाईंना सांगितलं आणि बजावलं, "आई, इमारतीत कुणाला कळता कामा नये. लोकांना बोलायला निमित्तच लागतं." सासूबाईंनी मान डोलावली. पण दोन दिवसांनी त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांबरोबर खाली जात होत्या. हे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे शिक्षक, ताठ कण्याचे. तळमजल्यावर दार सरकता सरकता सासूबाईंचे शब्द माझ्या कानावर पडले. "तेवढं करा मास्तर. तिला लिफ्टमध्ये पाऊल ठेवू देऊ नका."

पुढचं मला ऐकू आलं नाही. पण एवढं पुरे होतं. म्हातारी सुनेच्या वाईटावर आहे, आणि माझ्याही.

दुसऱ्याच दिवशी जिन्यात खुर्च्या आल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी, दुसऱ्यावर हात असलेली एक, तिसऱ्यावर पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडची बिनपाठीची रुंद. पाठोपाठ मिस्त्री आला, पट्टीने माझी लांबी-रुंदी मोजली आणि वहीत लिहून निघून गेला. मित्रांनो, मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. माझी सद्दी संपली होती आणि लोकांना जिन्याची सवय लावणं चाललं होतं.

ताईंच्या मनातही पाल चुकचुकली. सकाळी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीपाशी थबकल्या. डॉक्टरांनी रोज थोडे जिने चढायला-उतरायला सांगितलं होतं, म्हणून त्या पायी उतरत होत्या. मास्तर नेमके तिथेच उभे.

"या खुर्च्या कुणी ठेवल्या?" ताईंनी विचारलं.

"खुर्च्या? असतील कुणाच्या तरी. इथे वारा छान येतो," मास्तर म्हणाले. जिन्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सहाला मास्तर जिन्यात हजर. ताई चढायला लागल्या की दोन पायऱ्या मागे राहून तेही चढायचे. ताई खुर्चीवर टेकल्या की ते बुटांच्या नाड्या बांधत बसायचे. बूट मात्र बिननाड्यांचे होते.

"मास्तर, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय का?" एके दिवशी ताईंनी धापा टाकत विचारलंच.

"छे हो. मलाही डॉक्टरांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"तेच. जिने."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांनी खाली बघून पुन्हा नाड्या शोधायला सुरुवात केली. मला खात्रीच पटली. हे सगळे मिळून एका बाईला लिफ्टबाहेर काढत आहेत. ती आत आली तर घंटा वाजेल, मोटर जळेल, खर्च येईल, म्हणून हा सगळा डाव. दिवसेंदिवस मी जास्त वेळ रिकामी उभी राहू लागले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं.

ऑपरेशनला दोन आठवडे उरले आणि ताईंचं जेवण बंद झालं. फक्त पातळ पदार्थ, तेही मोजून. पोटातलं यकृत लहान झालं की सर्जनला काम सोपं जातं, असं काहीतरी त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. दुपारी एक वाजता त्या कामावरून घरी यायच्या, पेलाभर सूप पिऊन परत जायच्या. आणि नेमक्या त्या यायच्या जरा आधी सासूबाई माझ्यात शिरायच्या. अंगावर शाल, शालीखाली काहीतरी झाकलेलं. पहिल्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे उतरायच्या आणि ताई गेल्यावर तोंड पुसत परत यायच्या. रोज. एकदा मी शिंपीणबाईंना दारात म्हणताना ऐकलं, "तिला संशय आला तर?" मला आणखी काय पुरावा हवा होता?

नवव्या दिवशी ताई दहा मिनिटं लवकर आल्या. जिना चढून चौथ्या मजल्यावर पोचतात तोच सासूबाई माझं दार ओढून घेत होत्या. ताईंनी दार धरलं.

"मीही येते खाली."

"अगं, तू आत्ताच तर चढलीस."

"येते."

ताईंनी या वेळी एक पाय टेकवून पाहिलं नाही. सरळ आत आल्या. घंटा वाजली नाही. मी निघाले. तिसरा मजला मागे पडला आणि खाली जाता जाता माझ्या दाराचा झिजलेला खटका सुटला. खटका सुटला की मोटर आपोआप थांबते, तशी ती थांबली. मी दोन मजल्यांच्या मधोमध लटकून राहिले. खालून कुणीतरी ओरडलं, "थांबा, मिस्त्रीला फोन करतो. अर्धा तास लागेल."

आत दोघीच होत्या. एक नऊ दिवसांची उपाशी आणि दुसरीच्या शालीखालून गरम भाताचा वास येत होता.

"काय आहे आत?" ताईंनी विचारलं.

"काही नाही."

"आई, मला वास येतोय."

सासूबाईंनी शाल बाजूला केली. झाकलेलं ताट होतं. भात, आमटी, भाजी.

"घरात जेवायला काय झालं?" ताईंचा आवाज चढला. "का बाहेर दाखवायचंय, सून उपाशी आहे म्हणून सासूलाही जेवायला मिळत नाही? रोज खाली जाऊन काय सांगता त्यांना? बिस्किटांचे डबेही गायब केलेत. कुठे आहेत?"

"शिंपीणबाईंकडे."

"बघा."

"अगं, ऐकून तर घे," सासूबाई म्हणाल्या. ताट एका बाजूला कलत होतं. ताईंनी नकळत ताटाला दुसरीकडून हात लावला. "मी अकराला स्वयंपाक करते, सगळ्या खिडक्या उघडते, वास जाऊ देते. तू यायच्या आत ताट घेऊन खाली जाते. तू पाण्यासारखं सूप पीत असताना तुझ्यासमोर भात कालवून कशी खाऊ? घास उतरेल का माझ्या घशाखाली?"

ताईंनी पुढचं विचारलं.

"आणि खुर्च्या? मास्तर?"

"मीच दारोदार गेले. तू 'कुणाला सांगू नका' म्हणालीस, मी सांगितलं. माझी चूक. पण मला तुझ्याबरोबर चढता येत नाही. म्हटलं, कुणीतरी मागे असावं, तू जिन्यात पडलीस तर? मास्तरांना म्हटलं, तिला लिफ्टमध्ये पाऊल ठेवू देऊ नका, जमतंय तोवर जिने चढू दे, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तिला कळू देऊ नका, ती चिडेल."

तर हे होतं त्या वाक्याचं उरलेलं अर्धं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी दोन माणसांचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकत होते.

"तुम्हाला तर हे ऑपरेशन नकोच होतं," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला भीती आहे, मी गेले तर तुमचं कोण करेल."

"ती आहेच. का नसावी?" सासूबाई सरळ म्हणाल्या. "पण दुसरीही आहे. माझा मुलगा दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेला होता. डॉक्टर तेव्हाही हसूनच बोलत होते. माझा कुणावर विश्वास नाही बाई. तुला थांबवता येत नाही म्हटल्यावर निदान धट्टीकट्टी करून पाठवावं, एवढंच माझ्या हातात होतं."

ताई खाली बसल्या. जागा पुरत नव्हती, तरी बसल्या. सासूबाईही भिंतीला टेकून बसल्या. ताट दोघींच्या मध्ये होतं. "जेवा," ताई म्हणाल्या. "गार होतंय. मी बघते तिकडे." आणि त्यांनी तोंड तडा गेलेल्या आरशाकडे वळवलं. सासूबाई चार घास जेवल्या. बाकीचं गेलं नाही.

मिस्त्री आला, त्याने हाताने चाक फिरवून मला तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढलं. ताई बाहेर पडल्या आणि पहिलंच बोलल्या, "माझ्या वजनाने अडकली ना?"

"वजनाचा काय संबंध, ताई?" मिस्त्री हात पुसत म्हणाला. "दाराचा खटका झिजलाय. ही सहा माणसं नेते."

"मग घंटा नवी असताना वाजली होती ती?"

"ती होय? तिची स्प्रिंग बसवतानाच खराब निघाली. कधीकधी दोन माणसांतही वाजायची. आठवड्याने मी बदलली, सेक्रेटरींना सांगितलंही. तुमच्यापर्यंत नाही आलं?"

ताई शिंपीणबाईंच्या रुंद खुर्चीवर बसल्या. "सात वर्षं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, पिंजऱ्यासकट खाली कोसळावं. दोष माझा होता आणि शिक्षा त्यांनी भोगली होती.

पुढच्या शनिवारी दवाखान्यात बैठक होती. ऑपरेशन झालेले आणि होणारे लोक तिथे एकत्र जमायचे. 'घरचं कुणीतरी आणा' असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं आणि ताईंनी तीनदा 'कुणी नाही' म्हटलं होतं. या वेळी त्या सासूबाईंना आणि मास्तरांना घेऊन गेल्या. परत येताना तिघंही माझ्यात होते. सासूबाई मास्तरांना सांगत होत्या, "मी सर्जनला विचारलं, ही चालत परत येईल का? तो म्हणाला, शंभर टक्के सांगता येत नाही, पण धोका किती ते सांगतो. सांगितला. हसला नाही. म्हणून थोडा विश्वास ठेवलाय. थोडाच."

ऑपरेशनच्या सकाळी ताई जिन्याने उतरल्या, एकदाही न बसता. पिशवी आणि सासूबाई माझ्यातून उतरल्या. चौथ्या दिवशी ताई चालत परत आल्या. चेहरा ओढलेला, हात पोटावर, पण चालत. पुढचे महिने सोपे नव्हते. कधी घोटभर पाणीही पोटात ठरायचं नाही, केस गळले, एकदा जिन्यातच बसून त्या मास्तरांवर विनाकारण चिडल्या. मास्तर ऐकून घेऊन नाड्या बांधत बसले. हळूहळू साखर उतरली, श्वास मोकळा झाला. आता त्या दर शनिवारी बैठकीला जातात. नव्या लोकांना म्हणतात, "लपवू नका. लपवण्यात माझी ताकद फुकट गेली."

राहिली माझी गोष्ट. माझा एक संशय मात्र खरा निघाला. मिस्त्रीने मोजमाप घेतलं ते माझ्या जागी नवी लिफ्ट बसवण्यासाठीच. पुढच्या महिन्यात मला काढतील. मला राग नाही. झिजलेल्या खटक्यात थोडं तेल वेळेवर पडलं असतं, तर आणखी काही वर्षं निघाली असती, एवढंच मनात येतं. तुमच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार अडलं, तर लाथ मारू नका. मिस्त्रीला बोलवा.

आणि मित्रांनो, आणखी एक. कुणी आपल्या पाठीमागे कुजबुजत आहे, आपल्यासाठी दारं बंद होत आहेत, असं तुम्हाला कधी वाटलं, तर मनातल्या मनात वाक्यं पुरी करत बसू नका. मी तेच करत बसले, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. विचारा.