मधलं कोकरू

बिरोबाच्या जत्रेत ढोल थांबले की भाकणूक होते. पुजारी बिराप्पा अंगात आल्यावर वर्षाचं भविष्य बोलतो आणि सगळा माळ कान देऊन ऐकतो. यंदा तो म्हणाला, "पानी आडवं चालंल. पिवळं सोनं होईल, लाल रडवंल. मधलं कोकरू वाघूर ओलांडंल."

सोयाबीनवाल्यांनी पिवळं म्हणजे सोयाबीन धरलं, तूरवाल्यांनी तूर. लालवरून कांदा की टोमॅटो यावर हमरीतुमरी झाली. पाण्याचे तर माणसागणिक अर्थ निघाले. मधल्या कोकराचा अर्थ मात्र आमच्या घरात एकच निघाला.

माझे धाकटे दीर रामहरी मेंढरं राखतात, कोकरं वाघरेत म्हणजे जाळीच्या कुंपणात ठेवतात. त्यांना तीन मुली, मधली दीपाली. तिला लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि दोन दिवसांत हजर व्हायचं होतं. जत्रेवरून आल्या आल्या भावजींनी सांगून टाकलं, "दीपाली कुठं जानार न्हाय. देवानं सांगितलंय, पोरगी पळून जानार."

मला संताप आला. मी भूमच्या शाळेत मराठी शिकवते, पोरांकडून अलंकार घोटून घेते. म्हटलं, हे तर माझंच क्षेत्र.

"भावजी, याला रूपक म्हणतात. शब्दाला शब्द धरायचा नसतो."

"शब्दाला कुठं धरतोय, वहिनी? कोकरू म्हंजे कोकरू न्हाय, एवढं कळतंय. म्हनूनच भ्या वाटतंय."

परीक्षेत हे उत्तर असतं तर पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते.

बिराप्पाला विचारा, असं मी सुचवलं. भावजी गेलेही. त्यानं हात जोडले. "बोलनारा देव, ऐकनारा तू. अर्थ माज्याकडं न्हाय." तो अर्थ कधीच सांगत नाही, तशी रीतच आहे.

भावजींचं भ्या उगाच नव्हतं, हेही खरं. गेल्या साली शेजारच्या वाडीतली एक मुलगी घर सोडून गेली. तिच्या बापाला अजून कुणी लग्नाचं आवतण देत नाही. भावजी त्या माणसाबरोबर मेंढरं चारतात. त्याची मान कशी खाली गेली, ते रोज बघतात. राग आला तरी मला त्यांचं वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना दीपाली वाघरेपाशी गेली. मेंढरं रानात जातात तेव्हा कोकरं यातच मागं ठेवतात. भावजी जाळी बांधत होते. मी चहा घेऊन गेले होते, तिथंच थांबले. पोरगी रडेल, भांडेल असं मला वाटलं. ती बापाशेजारी बसली आणि तिनं एक गाठ आवळून दिली.

"आबा, कोकरू वाघूर कवा ओलांडतं?"

"भूक लागली की. रानातनं आईचा आवाज आला की."

"पळून जायला न्हाय?"

"येडी का काय? कोकरू कुठं पळतंय? दुधाला जातं ते. पोट भरलं की माघारी..."

भावजी मधेच थांबले. दीपालीनं पुढची गाठ आवळायला घेतली. मी असते तर व्याख्यान झोडलं असतं आणि हातचं घालवलं असतं.

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "देवानं नुसतं कोकरू म्हनलं, वहिनी. दीपाली म्या म्हनलं."

दीपालीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "सकाळची लातूरची गाडी कवा हाय?"